फ्रीडम हाउस : रुग्णवाहिका-तंत्रज्ञाच्या व्यवसायाचा उगम

रुग्णवाहिकेचा इतिहास बहुधा वाहनाच्या अंगाने लिहिला जातो. घोडागाडीची मोटार कधी झाली, भोंगा कधी लागला, प्राणवायूचा सिलिंडर गाडीत कधी आला, हे टप्पे त्यात तपशिलाने नोंदवलेले असतात; परंतु त्या वाहनात रुग्णाच्या शेजारी कोण बसले होते, त्याला काय येत होते आणि काय करण्याची त्याला मुभा होती, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. रुग्णाच्या जगण्या-मरण्याच्या दृष्टीने मात्र हाच प्रश्न निर्णायक असतो. रुग्ण वाहून नेणारे खास वाहन अठराव्या शतकाच्या अखेरीस अस्तित्वात आले. पण त्या वाहनात पूर्ण वेळ काम करणारा, डॉक्टर नसलेला आणि तरीही जीव वाचवण्याचे वैद्यकीय कौशल्य अंगी असलेला माणूस, म्हणजे आज ज्याला आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञ किंवा पॅरामेडिक म्हणतात तो, घडायला त्यानंतर जवळजवळ पावणेदोनशे वर्षे जावी लागली. हा व्यवसाय ज्या मोजक्या ठिकाणी आकाराला आला, त्यांत अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील पिट्सबर्ग शहराचे स्थान फार महत्त्वाचे आहे, आणि तेथे तो उभा केला तो शहराने वाऱ्यावर सोडलेल्या एका वस्तीतील कृष्णवर्णीय तरुणांनी. १९६७ मध्ये सुरू झालेल्या आणि १९७५ मध्ये बंद पडलेल्या ‘फ्रीडम हाउस रुग्णवाहिका सेवे’च्या इतिहासात या व्यवसायाचा उगम दिसतो, आणि कौशल्य सिद्ध करूनही त्याचे श्रेय व स्थान कसे हिरावले जाऊ शकते, हेही दिसते.

या सेवेचे वेगळेपण कळण्यासाठी तिच्या आधीची परिस्थिती पाहिली पाहिजे. फ्रेंच सैन्यातील शल्यवैद्य दोमिनिक ज्याँ लारे यांनी १७९० च्या दशकात ‘उडत्या रुग्णवाहिका’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या हलक्या, वेगवान घोडागाड्या सुरू केल्या. तोवर जखमी सैनिक लढाई संपेपर्यंत रणांगणावरच पडून राहत आणि उपचारांची व्यवस्था आघाडीच्या बरीच मागे असे. लारे यांनी ती व्यवस्था जखमीपर्यंत नेली आणि उपचारांचा क्रम हुद्द्यावरून न ठरवता जखमेच्या गांभीर्यावरून ठरवण्याचा आग्रह धरला. नागरी जीवनात ही कल्पना रुजायला आणखी सत्तर-ऐंशी वर्षे लागली. न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयाने १८६९ मध्ये एडवर्ड डाल्टन या यादवी युद्धात काम केलेल्या शल्यवैद्याच्या पुढाकाराने घोड्यांची रुग्णवाहिका सेवा सुरू केली. त्या गाडीत चालकाच्या आसनाखाली एक पेटी असे आणि तिच्यात जवळजवळ लिटरभर ब्रँडी, रक्तस्राव थांबवण्यासाठी हातापायाला आवळून बांधायचे दोन पट्टे, अर्धा डझन बँडेज, तेवढेच लहान स्पंज, मोडलेल्या हाडाला आधार देण्याचे साहित्य, गादीसारखे वापरण्यासाठी जुन्या कांबळ्यांचे तुकडे, बकल लावलेल्या पट्ट्या आणि रक्त गोठवणाऱ्या लोहक्षाराची एक छोटी बाटली एवढा ऐवज असे. साधने अगदी जुजबी होती. तथापि गाडीबरोबर एक तरुण डॉक्टर जात असे, आणि एकोणिसाव्या शतकाचा विचार करता ही मोठीच गोष्ट होती.

विसाव्या शतकाच्या मध्यास मात्र अमेरिकेत या बाबतीत उलटा प्रवास झाला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात डॉक्टर आणि मनुष्यबळ यांचा तुटवडा पडल्यावर अनेक रुग्णालयांनी रुग्णवाहिका चालवणे सोडून दिले, आणि ते काम जो पत्करील त्याच्याकडे गेले. लहान-मोठ्या गावांत ते अंत्यसंस्काराची व्यवस्था करणाऱ्या व्यावसायिकांकडे आले, कारण माणसाला आडवे निजवून नेता येईल अशी लांब गाडी त्यांच्याकडे आधीपासूनच होती. राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या पुढाकाराने १९६६ मध्ये ‘अपघाती मृत्यू आणि अपंगत्व : आधुनिक समाजाचा दुर्लक्षित रोग’ या आशयाच्या शीर्षकाचा एक अहवाल प्रसिद्ध झाला. देशातील सुमारे निम्मी रुग्णवाहिका सेवा १२,००० अंत्यसंस्कार-व्यावसायिक चालवतात, असे त्यात नमूद होते, आणि १९६५ या एकाच वर्षात अपघातांमुळे १,०७,००० माणसे दगावल्याचा आकडाही होता. मृतदेह नेणाऱ्या माणसानेच जखमीला न्यायचे, आणि त्याला प्रथमोपचाराचे शिक्षण असावे असे बंधन बहुतेक ठिकाणी नसायचे, ही त्या काळची रीत होती. पिट्सबर्गमध्ये हे काम पोलिसांकडे होते. आरोपींना नेण्याची बंद गाडीच रुग्णांसाठी वापरली जाई. रुग्णाला कापडी स्ट्रेचरवर घालून मागच्या भागात ठेवले जाई आणि दोन्ही पोलीस बहुधा पुढे बसत. उचलायचे आणि पळायचे, एवढेच त्या व्यवस्थेचे तंत्र होते.

त्या व्यवस्थेची झळ १९६६ साली शहरातील अत्यंत वजनदार व्यक्तीला बसली. पिट्सबर्गचे माजी महापौर आणि पेनसिल्व्हेनियाचे माजी गव्हर्नर डेव्हिड लॉरेन्स ४ नोव्हेंबर १९६६ रोजी निवडणुकीच्या सभेत भाषण करताना व्यासपीठावर कोसळले. श्रोत्यांमधील एका परिचारिकेने त्यांना कृत्रिम श्वास देण्याचा प्रयत्न केला आणि पोलिसांच्या गाडीतून त्यांना रुग्णालयात नेण्यात आले. तेथे हृदय पुन्हा सुरू झाले, परंतु मेंदू वाचला नाही, आणि २१ नोव्हेंबर रोजी त्यांचे निधन झाले. यामागील शरीरविज्ञान साधे पण निष्ठुर आहे. हृदय बंद पडल्यावर मेंदूला रक्त आणि प्राणवायू मिळेनासा होतो आणि चार ते सहा मिनिटांत मेंदूच्या पेशींची हानी सुरू होते. त्यामुळे रुग्णालय कितीही सुसज्ज असले, तरी तेथे पोहोचण्यापूर्वीच्या मिनिटांत श्वास आणि रक्ताभिसरण कोणी चालू ठेवले नाही, तर त्या सुसज्जतेचा उपयोग उरत नाही.

हे शास्त्र ज्यांनी सर्वाधिक स्पष्टपणे मांडले, ते डॉ. पीटर सफार योगायोगाने याच शहरात काम करत होते. १९२४ मध्ये व्हिएन्नात जन्मलेले सफार भूलतज्ज्ञ होते. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात बाल्टिमोरमध्ये त्यांनी स्वयंसेवकांना औषधाने निश्चल करून, म्हणजे त्यांचे श्वसनाचे स्नायू तात्पुरते थांबवून, केलेल्या प्रयोगांतून दोन गोष्टी सिद्ध केल्या होत्या. पहिली अशी की, बेशुद्ध माणसाची जीभ मागे पडून श्वासमार्ग बंद होतो आणि डोके मागे झुकवून हनुवटी वर उचलली की तो मोकळा होतो. दुसरी अशी की, तोंडाने तोंडात फुंकलेला श्वास त्या काळी शिकवल्या जाणाऱ्या पाठीवर दाब देण्याच्या व हात वर उचलण्याच्या पद्धतींपेक्षा कितीतरी परिणामकारक असतो, आणि तो सामान्य माणसालाही देता येतो. १९६० मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील कौवेनहोवेन, ज्यूड आणि निकरबॉकर यांनी छाती न उघडता, बाहेरून दाब देऊन रक्ताभिसरण चालू ठेवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. सफार यांनी श्वासमार्ग, श्वास आणि रक्ताभिसरण या तीन पायऱ्या एका सूत्रात गुंफल्या, आणि आज सीपीआर या नावाने शाळा-महाविद्यालयांतून शिकवली जाणारी पद्धत त्यातूनच उभी राहिली. १९६६ मध्ये त्यांची अकरा वर्षांची मुलगी एलिझाबेथ दम्याच्या तीव्र झटक्याने दगावली. रुग्णालयाबाहेरच्या उपचारांचा प्रश्न त्यानंतर त्यांनी जीवितकार्य म्हणून हाती घेतला.

या सेवेची दुसरी बाजू शहराच्या सामाजिक इतिहासात आहे. हिल डिस्ट्रिक्ट ही पिट्सबर्गमधील कृष्णवर्णीयांची जुनी, जॅझ संगीतासाठी आणि वृत्तपत्रांसाठी नावाजलेली वस्ती. पुढे नाटककार ऑगस्ट विल्सन यांनी आपल्या बहुतेक नाटकांची पार्श्वभूमी म्हणून जी निवडली ती हीच. १९५० च्या दशकात नगरपुनर्रचनेच्या नावाखाली या वस्तीचा खालचा भाग जमीनदोस्त करण्यात आला, सुमारे ८,००० रहिवासी विस्थापित झाले, आणि त्या जागी एक भव्य क्रीडागृह उभे राहिले. मागे राहिलेल्या भागात बेरोजगारी वाढली, दुकाने उठली, आणि पोलिसांशी असलेले संबंध इतके कडवट झाले की, आजारी माणसासाठी पोलिसांची गाडी बोलवावी की नाही, असाच प्रश्न घराघरांत पडत असे. गाडी वेळेवर येईल याची खात्री नसे, आणि आली तरी आतला व्यवहार माणुसकीचा असेल याचीही खात्री नसे. याच वस्तीत जेम्स मॅकॉय यांच्या पुढाकाराने ‘फ्रीडम हाउस एंटरप्रायझेस’ ही संस्था उभी राहिली होती. कृष्णवर्णीयांना रोजगार आणि छोट्या उद्योगांना आधार देणे हे तिचे उद्दिष्ट होते, आणि भाजीपाला गाडीतून दारोदार पोहोचवण्याचा उपक्रमही ती चालवत होती.

मॉरिस फॉक वैद्यकीय निधीचे अध्यक्ष फिल हॅलन यांनी हे दोन धागे एकत्र आणले. हॅलन यांनी स्वतः तरुणपणी रुग्णवाहिका चालवली होती, त्यामुळे वस्तीला वाहतुकीची गरज आहे आणि वस्तीतील तरुणांना कामाची गरज आहे, ही सांगड त्यांना सहज सुचली. १९६७ मध्ये हा प्रस्ताव सफार यांच्याकडे आला, तेव्हा त्यांनी त्याचे स्वरूपच बदलून टाकले. केवळ वाहतूक नको, या तरुणांना रस्त्यावर अतिदक्षता विभागाचे काम करता येईल इतके शिकवावे, असे त्यांचे म्हणणे पडले. निवडले गेलेले तरुण बहुतांशी हिल डिस्ट्रिक्टचेच होते. अनेकांचे शालेय शिक्षण अर्धवट राहिले होते, काही व्हिएतनाम युद्धातून परतले होते, काहींच्या नावावर किरकोळ गुन्ह्यांची नोंद होती, आणि बहुतेकांना सरकारी कागदपत्रांत ‘नोकरीस अपात्र’ असा शिक्का बसला होता. सफार यांनी या शिक्क्याकडे लक्ष दिले नाही. ज्यांचे शिक्षण अपुरे होते, त्यांना ते पूर्ण करण्याची सोय प्रशिक्षणाबरोबरच करून देण्यात आली.

प्रशिक्षण सुमारे ३०० तासांचे होते. प्रथमोपचाराच्या नेहमीच्या वर्गाशी त्याची तुलनाच होऊ शकत नाही. शरीररचना आणि शरीरक्रिया यांचे पाठ, परिचर्या, सुरक्षित वाहनचालन, आणि मग रुग्णालयाच्या वेगवेगळ्या विभागांत प्रत्यक्ष काम, असा त्याचा क्रम होता. शस्त्रक्रियागृहात भूल दिलेल्या रुग्णाचा श्वासमार्ग भूलतज्ज्ञाच्या देखरेखीखाली मोकळा ठेवणे, प्रसूतिकक्षात बाळंतपण पाहणे, तातडीच्या विभागात जखमा हाताळणे, या सगळ्यांतून ते गेले. सीपीआरचा सराव ज्या पुतळ्यावर होत असे, त्या पुतळ्याच्या घडणीतही सफार यांचा वाटा होता. नॉर्वेतील खेळणी तयार करणारे आस्मुंड लार्डाल यांनी बनवलेल्या या ‘अ‍ॅनी’ नावाच्या पुतळ्याच्या छातीत स्प्रिंग बसवावी, म्हणजे श्वास देण्याबरोबर छाती दाबण्याचाही सराव करता येईल, ही सूचना सफार यांची होती. रुग्णवाहिकेच्या रचनेतही बदल झाला. शववाहिकेच्या बुटक्या छताखाली वाकून कोणालाही सीपीआर देता येत नाही. म्हणून गाडीला पुरेशी उंची हवी, स्ट्रेचरच्या डोक्याकडच्या बाजूला तंत्रज्ञाला बसण्याएवढी जागा हवी, आणि प्राणवायू, कफ ओढून घेण्याचे यंत्र व हृदयाला विजेचा धक्का देणारा डिफिब्रिलेटर हाताशी हवा, अशा कामावरून ठरलेल्या अपेक्षांनुसार गाडीची मांडणी झाली. माणसाच्या कौशल्यातून वाहनाचा आराखडा निघाला, हा या इतिहासातील मोलाचा मुद्दा आहे.

एप्रिल १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर हिल डिस्ट्रिक्टमध्ये दंगली उसळल्या, तेव्हा या तरुणांनी जळत्या वस्तीतून जखमींना बाहेर काढले. त्याच वर्षी सेवा दोन गाड्यांनिशी नियमितपणे सुरू झाली. पहिल्या वर्षात सुमारे ५,८०० वेळा गाडी धावली आणि ४,६०० हून अधिक रुग्ण रुग्णालयात पोहोचले; या काळात सुमारे २०० माणसांचे प्राण वाचले, असे सफार यांनी गोळा केलेल्या नोंदींवरून दिसते. १९७२ मधील एका पाहणीत गंभीर रुग्णांना योग्य उपचार मिळण्याचे प्रमाण तपासले गेले, तेव्हा फ्रीडम हाउसच्या बाबतीत ते ८९ टक्के, पोलिसांच्या बाबतीत ३८ टक्के आणि स्वयंसेवी रुग्णवाहिकांच्या बाबतीत १३ टक्के आढळले. शहरातील गरीब, कृष्णवर्णीय वस्तीला मिळणारी सेवा श्रीमंत, गौरवर्णीय भागांना मिळणाऱ्या सेवेपेक्षा सरस ठरली होती, आणि तिच्याविषयी पुढे जो आकस दिसला, त्याचे एक मूळ या विसंगतीतही होते.

या काळात इतरत्रही प्रयोग चालू होते. बेलफास्टमध्ये फ्रँक पँट्रिज यांनी १९६६ मध्ये हृदयरुग्णांसाठी फिरते पथक सुरू केले. मोटारीच्या बॅटऱ्यांवर चालणाऱ्या त्यांच्या पहिल्या डिफिब्रिलेटरचे वजन सुमारे ७० किलो होते, आणि गाडीबरोबर डॉक्टर जात असत. मायामीत यूजीन नेगल यांनी अग्निशमन दलाच्या जवानांना शिकवून हृदयाचा आलेख बिनतारी यंत्रणेने रुग्णालयात पाठवण्याचा मार्ग काढला, आणि सिअ‍ॅटल व लॉस एंजेलिस येथेही अग्निशमन दलांतून पॅरामेडिक तयार झाले. या बहुतेक प्रयोगांचा भर हृदयविकारावर होता आणि त्यांना अग्निशमन दलासारख्या स्थिर, मानमरातब असलेल्या संस्थेचा आधार होता. फ्रीडम हाउसकडे तसा आधार नव्हता. त्यांच्याकडे दमा, बाळंतपण, भोसकाभोसकी, अमली पदार्थांची विषबाधा, अपघात, हृदयविकार असे सर्व प्रकारचे रुग्ण येत, आणि त्यामुळे आपत्कालीन वैद्यकाचा संपूर्ण पट हाताळणारा तंत्रज्ञ तेथे घडला. १९७२ मध्ये अग्निशमन दलातील पॅरामेडिकांवरची ‘इमर्जन्सी!’ ही दूरचित्रवाणी मालिका लोकप्रिय झाली आणि या व्यवसायाचा जनमानसातील चेहरा लॉस एंजेलिसच्या गौरवर्णीय जवानाचा झाला. हिल डिस्ट्रिक्टचे नाव त्या चित्रात कोठेच नव्हते.

१९७४ मध्ये डॉ. नॅन्सी कॅरोलाइन यांनी फ्रीडम हाउसच्या वैद्यकीय संचालक म्हणून सूत्रे घेतली, आणि या तंत्रज्ञांचे कौशल्य आणखी वरच्या पातळीवर गेले. अतिदक्षता उपचारांचे शिक्षण घेण्यासाठी सफार यांच्याकडे आलेल्या या तरुण डॉक्टर कार्यालयात बसून राहिल्या नाहीत; त्या गाडीतून हिंडत, केंद्रावर रात्री काढत, बिनतारी संचावर कान ठेवून असत आणि प्रत्येक रुग्णाच्या नोंदीची चिकित्सा करून चूक दिसेल तेथे त्याच दिवशी शिकवत. त्यांच्या हाताखाली या तंत्रज्ञांनी जी कामे आत्मसात केली, त्यांत श्वासनलिकेत नळी घालण्याचे काम सर्वांत अवघड होते. त्यात बेशुद्ध रुग्णाचे डोके योग्य कोनात मागे घ्यावे लागते, डाव्या हातात धरलेल्या, दिवा बसवलेल्या पात्यासारख्या उपकरणाने जीभ बाजूला सारून स्वरयंत्र उघडे पाडावे लागते, आणि स्वरतंतूंच्या मधल्या चिंचोळ्या फटीतून नळी खाली सरकवून ती अन्ननलिकेत न जाता फुप्फुसांकडेच गेली आहे ना, याची छातीला स्टेथस्कोप लावून खात्री करावी लागते. चूक झाली तर प्राणवायू पोटात जातो आणि रुग्ण गुदमरतो. शस्त्रक्रियागृहाच्या प्रखर उजेडात, टेबलाच्या सोयीच्या उंचीवर केले जाणारे हे काम हे तंत्रज्ञ जिन्याच्या वळणावर, स्वयंपाकघराच्या फरशीवर, फुटपाथवर गुडघे टेकून करू लागले. पुढे शहराच्या सेवेत मोठ्या पदावर पोहोचलेले जॉन मून हे यांपैकीच एक. रुग्णालयात सेवक म्हणून काम करताना फ्रीडम हाउसचे तंत्रज्ञ ज्या आत्मविश्वासाने डॉक्टरांना रुग्णाची माहिती देत, तो पाहून ते या कामाकडे वळले होते.

कौशल्य वाढत असतानाच पायाखालची जमीन मात्र सरकत होती. सेवेचा बराचसा खर्च महापालिकेच्या करारावर अवलंबून होता, आणि १९७० मध्ये पदावर आलेले महापौर पीटर फ्लाहर्टी या कराराबद्दल अनुकूल नव्हते. पैसे उशिरा मिळत, कार्यक्षेत्र वाढवण्याची मागणी मान्य होत नसे, आणि पोलिसांबरोबर एकाच रुग्णाच्या ठिकाणी गाठ पडली की कुरबुरी होत. अखेर शहराने स्वतःची रुग्णवाहिका सेवा काढण्याचा निर्णय घेतला आणि १५ ऑक्टोबर १९७५ रोजी फ्रीडम हाउसची सेवा थांबली. कॅरोलाइन यांनी नव्या सेवेत फ्रीडम हाउसच्या लोकांना सामावून घेण्याचा आग्रह धरला आणि तो कागदोपत्री मान्यही झाला. पण प्रत्यक्षात नव्या परीक्षा, जुन्या गुन्ह्यांच्या नोंदींवरून केलेली छाननी आणि अनुभवी तंत्रज्ञांना नवख्या गौरवर्णीय सहकाऱ्यांच्या हाताखाली देण्याची पद्धत यांमुळे अनेक जण वर्षभरातच गळाले. ज्यांनी वर्षानुवर्षे रस्त्यावर जीव वाचवले होते, त्यांना रुग्णाला हात न लावता केवळ सामान उचलण्याचे काम देण्यात आल्याचे त्यांनी पुढे सांगितले आहे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस पिट्सबर्गच्या या सेवेतील सुमारे ९८ टक्के कर्मचारी गौरवर्णीय होते. ज्या समाजाने ती सेवा उभी केली, त्या समाजाची तेथील उपस्थिती जवळजवळ पुसली गेली होती.

त्यांचे काम मात्र टिकून राहिले. पॅरामेडिकांसाठी राष्ट्रीय पातळीवरचा प्रमाणित अभ्यासक्रम तयार करण्याची जबाबदारी केंद्रीय वाहतूक खात्याने पिट्सबर्ग विद्यापीठाकडे सोपवली आणि कॅरोलाइन यांनी तो लिहिला. फ्रीडम हाउस ही त्या अभ्यासक्रमाची प्रयोगभूमी होती. १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेले त्यांचे ‘इमर्जन्सी केअर इन द स्ट्रीट्स’ हे पाठ्यपुस्तक पुढे पॅरामेडिकांच्या कित्येक पिढ्यांनी अभ्यासले, आणि आजही त्याच्या सुधारित आवृत्त्या निघतात. फ्रीडम हाउसच्या व्यवस्थापनात काम केलेले मिचेल ब्राउन ओहायो राज्यातील कोलंबस शहराचे सार्वजनिक सुरक्षा संचालक झाले. जॉन मून पिट्सबर्गच्या सेवेत उपप्रमुख पदापर्यंत चढले, आणि कृष्णवर्णीय तरुणांना तेथे पुन्हा भरती करण्यासाठी त्यांनी आपले पद वापरले. केविन हॅझर्ड यांच्या ‘अमेरिकन सायरन्स’ या पुस्तकामुळे हा इतिहास २०२२ मध्ये व्यापक वाचकवर्गापर्यंत पोहोचला, म्हणजे सेवा बंद पडल्यावर सत्तेचाळीस वर्षांनी.

भारतात रुग्णवाहिकेचा प्रवास बराच काळ रुग्णालयांच्या, धर्मादाय संस्थांच्या आणि सेंट जॉन रुग्णवाहिका संघटनेसारख्या प्रथमोपचार शिकवणाऱ्या मंडळींच्या आधाराने झाला, आणि गाडी म्हणजे चालक व स्ट्रेचर हेच समीकरण बहुतेक ठिकाणी कायम राहिले. हे समीकरण बदलण्याचे ठळक प्रयत्न एकविसाव्या शतकातले आहेत. मुंबईत २००५ च्या सुमारास १२९८ या क्रमांकाची सेवा सुरू झाली. रुग्णाने निवडलेल्या रुग्णालयावरून शुल्क ठरवायचे, म्हणजे खाजगी रुग्णालयात जाणाऱ्याने जास्त द्यायचे आणि सरकारी रुग्णालयात जाणाऱ्याला सवलत मिळायची, असे तिचे तत्त्व होते. नोव्हेंबर २००८ च्या दहशतवादी हल्ल्यात जखमींना हलवण्यात या गाड्यांचा सहभाग होता. १५ ऑगस्ट २००५ रोजी हैदराबादमध्ये १०८ या क्रमांकाची सेवा सुरू झाली आणि पुढे अनेक राज्यांत पसरली. या सेवेने चालकाला ‘पायलट’ आणि शेजारच्या प्रशिक्षित कर्मचाऱ्याला ‘ईएमटी’, म्हणजे आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञ, अशी ओळख दिली. पदवीधर तरुणांना काही आठवड्यांचे खास शिक्षण देऊन गाडीवर पाठवायचे, ही तिची पद्धत पिट्सबर्गच्या प्रयोगाशी नाते सांगणारी होती.

महाराष्ट्रात १०८ सेवा जानेवारी २०१४ मध्ये आली आणि तिने थोडा वेगळा मार्ग निवडला. सुरुवातीच्या ९३७ गाड्यांपैकी २३३ गाड्या ‘प्रगत जीवरक्षक’, म्हणजे व्हेंटिलेटर आणि डिफिब्रिलेटर यांसारखी उपकरणे असलेल्या होत्या, तर ७०४ गाड्या ‘मूलभूत जीवरक्षक’ होत्या, आणि या गाड्यांवर डॉक्टर नेमण्यात आले. हे डॉक्टर मुख्यतः आयुर्वेद, होमिओपॅथी किंवा युनानी शाखेचे पदवीधर असतात आणि त्यांना आपत्कालीन उपचारांचे वेगळे प्रशिक्षण दिले जाते. गाडीबरोबर डॉक्टर पाठवण्याची ही पद्धत बेलव्ह्यू आणि बेलफास्टच्या परंपरेच्या जवळची आहे. तिचा फायदा उघड आहे. पण डॉक्टर नसलेल्या, परंतु याच कामासाठी घडवलेल्या तंत्रज्ञाच्या व्यवसायाला राज्यात मुळे धरायला त्यामुळे कमी वाव मिळाला, हेही नोंदवावे लागते. केंद्राच्या २०२१ च्या संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांविषयीच्या कायद्याने आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञ अथवा पॅरामेडिक हा वर्ग आपल्या परिशिष्टात समाविष्ट केला, आणि शिक्षणाचा प्रमाणित दर्जा, नोंदणी व व्यावसायिक ओळख यांचा कायदेशीर पाया त्याला पहिल्यांदाच मिळाला.

हा पाया किती मोलाचा आहे, हे फ्रीडम हाउसच्या इतिहासावरून समजते. अवघ्या काही महिन्यांच्या मनापासून केलेल्या शिकवणीत, समाजाने निरुपयोगी ठरवलेले तरुण जगातील उत्तमांपैकी एक सेवा उभी करू शकतात, हे तेथे निर्विवाद सिद्ध झाले. तरीही त्यांच्या व्यवसायाला नोंदणी नव्हती, नोकरीला संरक्षण नव्हते, बढतीची वाट आखलेली नव्हती, म्हणून एका प्रशासकीय निर्णयाने त्यांना बाजूला सारता आले. शिकवण्याची इच्छा असेल तर कौशल्य कोठेही रुजते. ते टिकवायचे असेल तर त्याला पद, वेतन आणि कायदा यांचे कुंपण द्यावे लागते. म्हणून एखाद्या राज्याची आपत्कालीन सेवा तपासताना गाड्यांची संख्या आणि पोहोचण्याचा वेळ मोजून थांबता येत नाही. गाडीच्या मागच्या भागात बसणाऱ्या माणसाला किती तास शिकवले गेले, शिकलेले करण्याची त्याला किती मुभा आहे, आणि दहा वर्षांनंतर तो याच व्यवसायात प्रतिष्ठेने टिकून आहे की नाही, हेही तितक्याच काटेकोरपणे मोजले गेले पाहिजे. कारण रुग्णालयापूर्वीच्या त्या मोजक्या मिनिटांत रुग्णाचे प्राण त्याच्याच हाती असतात.